लॅपटॉप चालला तर झाशी

२३ सप्टेंबर, मंगळवार
काल घट बसले. आज नागपूरहून संजूचा फोन. दोन रविवार व्हिडिओ झाला नाही म्हणून चिडलेला. लॅपटॉप चालू व्हायलाच अर्धी सकाळ खातो, मग मध्येच थिजतो. वर रोज सूचना, की जुनी सिस्टिम आता बंद होणार. मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर हिला नातीचा चेहरा नीट दिसत नाही.
संजू म्हणाला, "बाबा, एक लॅपटॉप सांभाळता येत नाही तुम्हाला, घर काय सांभाळणार? दिवाळीला येतो तेव्हा दोघांना कायमचं घेऊनच जातो."
माझं डोकं फिरलं. म्हणालो, दिवाळीपर्यंत चालू करून दाखवतो.
"आणि नाही झाला तर?"
तर येतो नागपूरला. बोलून गेलो. ही शेजारीच पोळ्या लाटत होती.
 झाशीच्या लक्ष्मी गेटात जन्मलो, रेल्वे वर्कशॉपची सगळी नोकरी इथूनच सायकलवर केली. या वयात नागपुरात कोण ओळखणार मला? आणि आठवी शिकलेला माणूस लॅपटॉप दुरुस्त करणार.

२५ सप्टेंबर, गुरुवार
सकाळी फिरताना शुक्लाजींना सांगितलं. ते ओरछा गेटचे, शाळेत गणिताचे मास्तर होते. त्यांनी आपल्या जुन्या लॅपटॉपवर जुनी सिस्टिम काढून लिनक्स नावाची टाकलीय. म्हणाले, "फुकट है दद्दा. किसी एक का नहीं, सबका है।"
मी विचारलं, सबका म्हणजे बिघडलं तर पकडायचं कोणाला?
"पकड़ना किसी को नहीं है। चलाना है।"
त्यांचा मुलगा दूर, नवराबायको दोघंच इथे, तरी किती निवांत. मला जमत नाही.
लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह दिला त्यांनी. तो लावायचा आणि मशीन सुरू होताना F12 दाबत राहायचं. विसरेन म्हणून त्या बटणावर हिची टिकली चिकटवली. ही म्हणाली, "अहो, सवाष्ण केलीत की त्याला."

२८ सप्टेंबर, रविवार
पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून पाहिलं. डिस्कला हात न लावता चालतं, ही सोय चांगली. झटकन उघडलं. जुनं काही हलवलं नाही, तरी तीनदा बंद करून खात्री केली.
मग 'इन्स्टॉल' दाबलं. पुढे विचारतं, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? हात थांबला. वर्कशॉपमध्ये वरच्या मिस्त्रीने हो म्हटल्याशिवाय एक बोल्ट सैल केला नाही कधी. इथे हो म्हणणारा मीच.
मागे आलो. आधी नातीचे फोटो दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवले, एकेक उघडून पाहिला. बाकी दसऱ्याला. मुहूर्त चांगला.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
हत्यारांची पूजा. पाने, हातोडी, हिची विळी, अडकित्ता. शेजारी पाटावर लॅपटॉप आणि तो पेनड्राइव्ह मांडला. उद्या त्याच्याकडूनच काम घ्यायचं आहे.
फुलाने पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. ही म्हणाली, "अहो, त्याच्या तोंडात पाणी जाईल." मी म्हणालो, मला शिकवू नकोस, वर्कशॉपमध्ये एवढाल्या मशिनी पूजत होतो. लॅपटॉप झाकलेला होता. पेनड्राइव्हचं टोपण काढलेलं. पूजेत झाकून कसं ठेवायचं?
आज हत्याराला हात लावायचा नाही. दिवसभर लांबूनच बघत बसलो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
पेनड्राइव्ह लागत नाही. तोंडात ओलं कुंकू घट्ट बसलेलं. सुईने काढलं, उन्हात ठेवला, पुन्हा लावला. काही नाही. हे मुहूर्ताच्या दिवशी.
शुक्लाजी सोनं द्यायला आले, पाहून हसतच सुटले. "काए दद्दा, पेनड्राइव्ह खों गंगा नहवा दओ?" ही पण पदर तोंडाला लावून हसली. मला हसू येईना. नागपूरची गाडी दिसायला लागली.

४ ऑक्टोबर, शनिवार
शुक्लाजींनी दुसरा भरून आणला. "इसको टीका मत लगाना।" ते खुर्चीवर बसले, दाबलं मीच. 'कंटिन्यू'वर बोट ठेवून मान वळवली. शुक्लाजी म्हणाले, "देख के दबाओ दद्दा, सुई थोड़ी लग रही है।"
पट्टी हळूहळू भरत गेली. वीज जाईल म्हणून मी पंख्याकडे बघत होतो. गेली नाही. चालू झालं! पण वायफाय सापडेना. मग मोबाईल केबलने जोडून त्याचं नेट दिलं, कसलासा ड्रायव्हर उतरवला, पुन्हा चालू केलं. आलं.
शेवटी मराठी भाषा निवडली. 'बंद करा' असं मराठीत लिहून आलं. ही चष्मा लावून कितीतरी वेळ ते वाचत होती.

५ ऑक्टोबर, रविवार
व्हिडिओ झाला. एकदाही थिजला नाही. नातीचा, मिहूचा पुढचा दात पडलाय, तो हिला इथून दिसला. संजू म्हणाला, "मानलं बाबा तुम्हाला." मला काय वाटलं सांगता येत नाही.
फोन संपल्यावर ही म्हणाली, "जिंकलात."
मी म्हणालो, हो.
"पैज लावताना मला विचारलं होतं का?"
म्हणजे तुला जायचंय?
"तसं म्हटलंय का मी?" आणि भाजी निवडायला बसली.

७ ऑक्टोबर, मंगळवार
हिला नागपूरला जायचंय की नाही, कळत नाही. शुक्लाजींना सांगितलं. ते या वेळी हसले नाहीत. "तो भाभीजी से पूछ लो। इतना कठिन है?"

९ ऑक्टोबर, गुरुवार
विचारलं. ही वर्ध्याची. लग्न होऊन आली तेव्हा लक्ष्मी गेटात आपल्या मराठी लोकांची घरं होती, हळदीकुंकवाला ओटा भरायचा. आता कोण उरलंय? म्हणाली, "भाजीवाल्याशी हिंदी, शेजारी हिंदी, देवळात हिंदी. मराठी बोलायला तुम्ही एकटे. आणि तुम्ही बोलता कुठे, काळजी करता."
मग तुझं नागपूरच नक्की का?
"शुक्लाइनबाईंना सोडून कशी जाऊ? बाळंतपणात माझ्या उशाशी ती बसली होती."
मग काय ते सांग ना.
"इतकी वर्षं नाही विचारलंत. थोडं थांबा आता."
मी झाशीचा, म्हणून ही पण झाशीचीच असं धरून चाललो होतो.

१२ ऑक्टोबर, रविवार
संजू म्हणाला, "मग दिवाळीहून मी एकटाच नागपूरला परत येतो, असंच ना बाबा?"
तोंडावर आलं होतं, हो. लॅपटॉप उचलून हिच्याकडे वळवला. म्हणालो, आईला विचार.
संजूने विचारलं. मिहूने पण मागून विचारलं, "आजी, येशील का गं?"
ही म्हणाली, "आवाज येत नाहीये रे तुमचा," आणि उठून आत गेली.
मी तपासलं. आवाज पूर्ण होता. संजूला म्हणालो, नंतर बोलू.
आत गेलो. चहा मी टाकला.