नवी गाडी, जुनी मागची सीट

आयडाहो, बुधवार, २ फेब्रुवारी

तीर्थरूप डेलमारकाका यांना पुतण्या ओरिनचा टोपी काढून नमस्कार. (टोपी घरातच घातलेली होती. गेला आठवडाभर माझा मुक्काम गराजमध्ये आहे आणि तिथली शेगडी जनेलने उचलून वर नेली आहे. का नेली ते पुढे कळेल. बायकोच ती, काहीतरी कारण असणारच.)

तुमचा गुडघा कसा आहे? मर्लीनकाकू आईला फोनवर सांगत होत्या की तुम्ही डॉक्टरांचं ऐकून आता गुरांना गवत घालायला पायी जात नाही, बाबांची जुनी स्नोमोबाइल घेऊन जाता. ऐकून जीव भांड्यात पडला. गुडघ्यासाठी म्हणतो मी, गाडीसाठी नव्हे. इकडे सगळे ठीक. लेक ब्रिन अकरा वर्षांची झाली आणि मी काही बोललो की डोळे छताकडे फिरवायला शिकली. आईची तब्येत उत्तम आहे, फक्त स्वभाव बाबांसारखा होत चालला आहे, म्हणजे एकदा बोलली की बोलली. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आलंच तर तुम्ही मला बोलू देत नाही.

आता मुद्द्याचं. येत्या १२ तारखेला आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. बाबा असते तर ठरल्याप्रमाणे दोघं वर डोंगरातल्या मूस मेडोच्या केबिनवर गेले असते, जसे एकोणपन्नास वर्षं गेले. रस्ता नोव्हेंबरात बर्फाखाली जातो तो मे महिन्यात वर येतो, त्यामुळे अकरा मैल स्नोमोबाइलवर, आई मागे, बाबांचा कोट दोन्ही मुठींत धरून. बाबांनी गाडीच्या धुराड्याच्या नळीवर बसवलेला तो पत्र्याचा डबा तुम्हाला माहीतच आहे. त्यात चांदीच्या कागदात गुंडाळलेले सॉसेज ठेवायचे आणि बाबांच्या वेगाने निघायचं. केबिनचं दार आलं की सॉसेज अगदी बेताचे भाजलेले असायचे. (बाबा अंतर मैलांत सांगतच नसत. केबिन एक सॉसेज लांब आहे, म्हणायचे. तुमचं घर त्यांच्या हिशेबाने अडीच सॉसेज.) बाबा गेल्यापासून आई चर्च आणि वाण्याचं दुकान सोडून कुठे गेलेली नाही. आणि नवीन वर्षाच्या जेवणात, बटाट्याचं भांडं माझ्याकडे सरकवता सरकवता, अगदी मीठ मागावं तसं तिने सांगितलं, की १२ तारखेला मी वर जाणार आहे. कुणी नेलं तर ठीक, नाही तर चालत जाईन.

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, बदललेला खुबा, अकरा मैल. आणि काका, ती निघेल. तुम्ही तिला ओळखता. मी तिथल्या तिथे काटा खाली ठेवला आणि शब्द दिला, आई, मी तुला नेणार, माझ्या स्वतःच्या गाडीवर नेणार.

माझ्याकडे गाडी नव्हती हा तपशील जनेलने त्याच वेळी काढला. तिचं हे नेहमीचंच.

बाबांची गाडी मी तुम्हाला का दिली, ते आता पुन्हा उगाळत नाही. शरद ऋतूत तुम्ही ट्रेलर घेऊन आलात तेव्हा मी सगळ्यांदेखत जे बोललो, की न्या हे भंगार, ताशी वीस मैलांवर याला धाप लागते, मी कुटुंबासाठी खरीखुरी पर्वतावरची गाडी घेणार आहे, ते मी मागे घेत नाही. तुम्ही म्हणालात, परत मागशील. मी म्हणालो, मागितली तर माझं नाव बदला. तेही मागे घेत नाही. निदान या पानावर तरी नाही.

तर मी जाहिरात शोधली. वापरलेली, पण पोटाखाली लांब रबरी पट्टा असलेली, खोल बर्फातून सरळ कड्यावर चढणारी पर्वतावरची गाडी, 'कुटुंबासाठी उत्तम, फक्त बायको चालवायची'. मालक ब्लेन नावाचा, नदीपलीकडे राहतो. आता वापरलेली गाडी घ्यायची तर बाबांनी घालून दिलेला नियम एकच, आणि तो मी पाळला. सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी जाऊन धडकायचं आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागली तर मालकाने आधीच चालू करून ठेवली आहे, म्हणजे थंडीत चालू होत नाही, म्हणजे पाठ फिरवायची. मी तासभर आधी गेलो. ब्लेन आंघोळीत होता. मी कुंपण ओलांडून हातमोजा काढला आणि हात ठेवला. काका, थंडगार! हात चिकटला, इतकी थंड! ब्लेनने केस पुसत पुसत येऊन दोरी ओढली आणि एका झटक्यात गाडी गरजली. मला बाबांची अशी आठवण आली की डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनीच मी खिशात हात घातला.

त्या आनंदात एक गोष्ट बघायची राहिली. गाडीला सीट एकच होती, आणि तीही माझ्या एका बाजूपुरती. या जातीच्या गाड्या उभ्याने चालवायच्या असतात हे मला माहीत नाही असं नाही. मी स्वतः हार्डवेअरच्या दुकानात उभा राहून लोकांना हे शिकवतो. जनेलने ट्रकमधून खाली न उतरता काच खाली केली आणि विचारलं, आई कुठे बसणार? ब्लेन म्हणाला, थोडं पुढे सरकायचं. तेवढ्यात त्याची बायको खिडकीत आली. जनेलने तिला विचारलं, बाई, तुम्हीच चालवायचात ना? ती म्हणाली, मी? या मेल्या गाडीवर मी एकदाही बसलेली नाही, आणि ती जातेय म्हणून आज केक करतेय. (केक चांगला होता. आम्हाला दोन तुकडे दिले.)

पहिली चाचणी अंगणात. ब्रिनला मागे बसवलं. म्हणजे मी हँडलवर चढलो आणि ती सीटवर बसली. कुटुंबाची गाडी कशी बुडाने रुंद हवी, ही पुढून अरुंद, कारण हिला डोंगराच्या कुशीत कलंडायचं असतं. ती कलंडली, पण सपाट जमिनीवर, टपालपेटीशेजारी. ब्रिन उडी मारून उतरली, मी नाही उतरलो. पट्ट्याच्या बोटभर लांब दात्यांनी जाता जाता जनेलच्या गुलाबांच्या वाफ्यात असा खड्डा केला की त्यात कुणाला पुरता येईल. कुणाला, हेही जनेलने सांगितलं. शेगडी त्याच संध्याकाळी वर गेली.

पण मी मागे हटणारा माणूस नाही. शनिवारी मी आईला घेऊन खऱ्या वाटेवर निघालो. सोफ्याच्या दोन उशा सीटच्या मागे पट्ट्यांनी आवळल्या, त्यांच्यावर आई, नळीला तारेने बांधलेले चार सॉसेज, आकाश निळंशार. आता ऐका, आणि हसू नका. दोन आठवडे नवा बर्फ पडलेला नव्हता आणि वाटेवर रोज यंत्र फिरवून ती ताटासारखी कडक केलेली. या पर्वतावरच्या गाडीचं इंजिन गार राहतं ते पट्ट्याने पोटाखाली उडवलेल्या भुसभुशीत बर्फाने. कडक वाटेवर उडायला काही नाही, म्हणजे गार व्हायला काही नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. दीड मैलावर लाल दिवा लागला. मी उतरलो, फावड्याने कडेचा बर्फ काढून गाडीच्या पोटात कोंबला, वाफ निघाली, दिवा गेला, निघालो. पाऊण मैलावर पुन्हा लाल. पुन्हा फावडं. प्रत्येक वेळी आई शांतपणे उतरायची, बर्फावर उशी टाकून बसायची आणि माझ्याकडे बघायची. तिसऱ्या थांब्याला म्हणाली, तुझे वडील मला या वाटेने फिरायला न्यायचे, तू बर्फ उपसायला आणलंस होय रे? चौथ्या थांब्याला सॉसेजचा वास आला. कागद सोडला तर आत कोळसे. तीन मैलांत! बाबांच्या हिशेबाने आम्ही केबिन ओलांडून पुढच्या राज्यात पोहोचलो होतो.

तेवढ्यात वाट दाबायचं यंत्र घेऊन रूलन आला. (तोच, ज्याला मी मागच्या महिन्यात दुकानात अर्धा तास हेच इंजिन गार ठेवण्याचं शास्त्र सांगितलं होतं.) त्याने एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. आईला हात देऊन यंत्रातल्या आपल्या शेजारच्या उबदार सीटवर चढवलं, आपल्या थर्मासमधलं गरम चॉकलेट दिलं आणि गावाकडे निघाला. आईने काचेतून मला हात केला, आगगाडीतून करतात तसा. मी मागून फावडं घेऊन आलो. पोहोचायला अडीच तास लागले.

त्यानंतर मी हातावर हात ठेवून बसलो नाही. बर्फ खरवडून पोटाखाली उडवणाऱ्या स्प्रिंगच्या तारा मागवल्या आणि सोमवारी बसवल्या. छान बसल्या. मग गाडी गराजमधून उलटी बाहेर काढली. त्या तारा खाली सोडलेल्या असताना गाडी मागे घ्यायची नसते. दोन्ही तुटल्या. नव्या मागवल्या आहेत. मागची सीट एक माणूस बनवून देतो म्हणाला, पण एप्रिलमध्ये. मी दिलेला शब्द पाळणार आहे, काका. आईला वर नेणार म्हणजे नेणार, मग ती अकरा मैलांची वाट मला फावड्याने खणत न्यावी लागली तरी बेहत्तर.

एक गोष्ट मात्र सांगतो, फक्त तुम्हाला. काल संध्याकाळी मी गराजमध्ये तुटलेल्या तारा काढत होतो. आई आली आणि बाबांची गाडी जिथे उभी असायची, तेलाचा डाग आहे ना जमिनीवर, तिथे स्टूल टाकून बसली. मग म्हणाली, ओरिन, तुझी गाडी चांगली आहे. तरुण माणसाला चांगली आहे. पण पन्नास वर्षं मी तिथे जाते ते काही धरून जाते. तुझ्या मागे बसले तेव्हा हात कुठे ठेवू तेच कळेना. मी पान्हा शोधल्यासारखं केलं. पान्हा हातातच होता. रडू आलं, खरं सांगतो.

असो. पत्र फार लांबलं. गुडघ्याला जपा. मर्लीनकाकूंना नमस्कार, कुत्र्याला हाड.

तुमचा आज्ञाधारक (या वेळी खरंच),
ओरिन

ता. क. सहज विचारतो, बाबांची गाडी चालते ना व्यवस्थित? मागची सीट आणि पाठीचा टेका तुम्ही गवताचे गठ्ठे बांधायला काढून तर टाकला नाहीत? मला काही नको आहे. सहज.

ता. क. दुसरा. बरं, सहज नाही. गुरुवारी १० तारखेपर्यंत ती ट्रेलरवर घालून आणाल का? एका दिवसासाठी. माझी नवी गाडी त्या दिवसापुरती गवतासाठी घेऊन जा, तुमच्याकडे भुसभुशीत बर्फ आहे, तुमच्या गुरांना कड्यावर राहायला आवडत असेल तर फारच सोयीची पडेल. नाव काय ठेवायचं ते तुम्हीच ठरवा, फक्त ब्रिनला आधी सांगू नका.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आत आईने पत्र वाचलं. (पाकीट चिकटवायला मी स्वयंपाकघरात बसलो होतो, दोष माझाच.) ती म्हणते, तिकीट वाया घालवू नकोस, मी रविवारीच मर्लीनला फोन केला, गाडी परवाच ट्रेलरवर चढली आहे. म्हणजे मी सोमवारी त्या तारा बसवत होतो तेव्हा तुम्हा तिघांना सगळं ठाऊक होतं. शाबास. पत्र तरी पाठवतो, इतकं लिहिलंय. आई म्हणते, पत्र्याचा डबा धुवायचा नाही, जसा आहे तसा हवा. आणि १२ तारखेला गाडी ती स्वतः चालवणार आहे, वाट तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, मी मागे बसायचं. मी म्हणालो, अगं आई, खुबा! ती म्हणाली, वेग अंगठ्याने वाढवतात, खुब्याने नाही. मग मी रागारागाने विचारलं, आणि मी काय धरून बसू? तर म्हणाली, तुझ्या वडिलांचा कोट. मी घालणार आहे.