नोंदीतला पालक

११ जाने., रवि.
ड्यूटी सुटली, मेट्रोत लिहितेय. शाळेचं सर्क्युलर आलं. मॅनेजिंग कमिटीवर मुलींच्या विंगमधून पालकांची एक जागा, मतदान ६ फेब्रुवारीला. मी उभी राहणार. ठरलं.
नोव्हेंबरात धुळीच्या दिवशी सईला दम लागला, तेव्हा तिचा दम्याचा पंप ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद. चावी जिच्याकडे, ती बाई रजेवर. विंगमध्ये नर्स नाही. पोरगी अर्धा तास बाकावर धापा टाकत होती. आणि तिची आई रियाधच्याच दुसऱ्या टोकाला परक्या माणसांचा ऑक्सिजन तपासत होती. चार अर्ज केले त्यानंतर, एकाला उत्तर नाही. आता आत जाऊनच बघते.
अनिलला सांगितलं. म्हणाला, "अरे वा!" त्याला कशाचंही अरे वाच असतं. पुण्याच्या ऑफिसची ड्रॉइंग्ज घरी बसून करणाऱ्याला अरे वा परवडतं.

१३ जाने., मंगळ.
खालच्या मजल्यावरची रुखसाना, श्रीवर्धनची, खूश. "उभी ऱ्हा गो तू! बायकांचं माज्यावर सोड." हिच्या ओळखी म्हणजे काय, अर्धी शाळा हिच्या हातची सांदणं खाऊन गेलेली.

१५ जाने., गुरु.
फॉर्म आणायला गेले. काउंटरवरच्या मॅडमने माझा इकामा, इथल्या रहिवासाचं कार्ड, घेतला, कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मान हलवली. "सिस्टर, गार्डियन में आपका नाम नहीं है. हस्बंड का है. खड़े वही हो सकते हैं. वोट भी उन्हीं का. एक फैमिली, एक वोट."
म्हटलं, बदला मग. "अभी नहीं. नए सेशन में."
म्हटलं, बाई, नवरा माझ्या इकाम्यावर, मुलगी माझ्या इकाम्यावर, मी कोण मग? तिने स्क्रीन फिरवली. सईच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म, स्कॅन केलेला. अक्षर माझं.
सात वर्षांपूर्वीचं सगळं आठवलं. अनिल नुकताच आलेला, डिपेंडंट म्हणून. इथे बायका नवऱ्याच्या इकाम्यावर येतात. उलटं असलं की लोक हसून विचारतात, मग साहेब दिवसभर काय करतात? त्याला कुणी विचारू नये म्हणून मीच पालकाच्या रकान्यात त्याला बसवला. मला कुणी सांगितलं नव्हतं. फार मोठ्या मनाची ना मी!

१६ जाने., शुक्र.
रुखसानाचा तोडगा: "अनिलभाईंना उभं कर. नाव त्यांचा, काम तुझा." अनिल लाजला वगैरे. "मी फक्त सही करणार हं. बाकी सगळं तू."
फॉर्म मी भरला. परत त्याच रकान्यात त्याचंच नाव, माझ्याच अक्षरात.

२० जाने., मंगळ.
ऑफ. शाळा सुटायच्या वेळी त्याच्याबरोबर गेटवर पत्रकं वाटायला गेले. बघतच राहिले. अनिलभाई, अनिलभाई! वॉचमन, बस ड्रायव्हर, आया, सगळे. कुणाच्या पोरीचा दात पडला, कुणाची सासू आजारी, याला सगळं पाठ. एक बाई मला म्हणते, "आप भाईसाब की मिसेस? कभी देखा नहीं आपको."
कशी दिसणार? त्या वेळी मी वॉर्डात असते.
जळले. लिहूनच टाकते, उगाच दुसरं नाव कशाला द्या. नवऱ्यावर जळले.

२४ जाने., शनि.
हॉलमध्ये उमेदवारांची भाषणं. मी अनिलला दोन पानं लिहून दिली होती, हिंदीत, तीन वेळा म्हणून घेतली होती. माइकपाशी गेला आणि घडी घालून खिशात टाकली.
मग सईचं सांगितलं. फोन आल्यावर कसा धावला, जमिनीवर बसून तिचा चेहरा कसा धरला. आणि म्हणाला, "बेटी ने कहा, मम्मी को मत बताना, वो ड्यूटी पे है."
हे मला माहीत नव्हतं. दोनशे लोकांबरोबर मला कळलं.
बायका डोळे पुसत होत्या. मागून कुणीतरी, "ऐसा बाप होना चाहिए." बाप एकदा धावला की टाळ्या. आई रोज धावते तर म्हणतात, कभी देखा नहीं. वर शेवटी, "तभी मैंने ठान लिया, यहाँ नर्स चाहिए." मैंने! चार अर्ज कुणी लिहिले रे?
त्याच्यानंतर डॉ. फरहीन, हैदराबादची, मुलांची डॉक्टर. कागदात बघून सपाट आवाजात वाचलं. एकच मागणी, नर्स आणि उघडं औषधाचं कपाट. लोक चहाला उठले होते. तिचा नवरा पहिल्या रांगेत तिची पर्स धरून. हिने पालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं असणार, सरळ, विचारही न करता. तिच्यावरही जळले. आज कुणाला सोडलंच नाही.
घरी आल्यावर विचारलं, सई असं म्हणाली हे मला का नाही सांगितलंस? "तुला वाईट वाटलं असतं गं."
म्हणून सगळ्या हॉलला सांगितलं.

२६ जाने., सोम.
शाळेत झेंडावंदन. मला ड्यूटी. तो गेला, नवा कुर्ता घालून. पालकांच्या ग्रुपवर सतरा फोटो. मी मोजले.

२९ जाने., गुरु.
मला न विचारता नवं पत्रक छापलं. पहिली बस, दुसरं कँटीन, तिसरी नर्स.
"तिसरी का?"
"लोकांना बस जवळची वाटते. निवडून तर यायला हवं ना."
"नर्ससाठीच उभे आहोत आपण."
"तुझंच तर काम करतोय मी."
"मग मला करू दे."
सई मधूनच, "मॉम, पापा इज सो गुड अ‍ॅट धिस. व्हाय आर यू अँग्री?"
सांगू काय तिला?

३ फेब्रु., मंगळ.
राउंडच्या मध्ये फोन. "सिकरूमला किती बेड लागतात गं? नर्सचं लायसन्स कुठलं?" सांगितलं. दहा मिनिटांत ग्रुपवर, त्याच्या नावाने, मुद्द्यांसकट. खाली चाळीस अंगठे. मीही एक दिला. लोक बघतात कुणी नाही दिला ते.
घरी आले तर भाकरी तयार, गरम. माझा युनिफॉर्म इस्त्री केलेला. वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं.

५ फेब्रु., गुरु.
उमेदवारांना उद्या दिवसभर वेगळ्या खोलीत बसायचंय. त्यांच्याऐवजी जोडीदाराने मत द्यायचं, सहीचं पत्र आणून. अनिलने पत्र करून आणलं, माझ्यासमोर ठेवलं. "आपल्या घराचं मत तू टाक. तुझंच आहे ते." मनापासून म्हणाला. त्याला वाटतं, त्याने मला काहीतरी दिलं.
घेतलं. थँक्यू पण म्हटलं.

६ फेब्रु., शुक्र.
चार वाजता रांगेत. रुखसाना पुढे, मागे वळून म्हणते, "अनिलभाई आलेच समज."
कागदावर सात नावं. अनिलचं तिसरं. डॉ. फरहीनचं सहावं. पेन दोरीने बांधलेलं.
मी सहाव्यापुढे खूण केली.
नर्स तिच्या कागदावर पहिल्या नंबरला होती, म्हणून. असं स्वतःला जिन्यापर्यंत सांगितलं. जिन्यावर कबूल केलं की तेवढंच नव्हतं. खूण करताना बरं वाटलं मला. सात वर्षांत पहिल्यांदा त्या शाळेत माझ्या अक्षराने माझं काहीतरी झालं.
अनिल बाहेर आला, केस विस्कटलेले, दमलेला. "टाकलंस?"
"टाकलं."
सई त्याच्या गळ्यात पडली. "सो पापा हॅज अ‍ॅट लीस्ट वन व्होट फॉर शुअर!" तो हसला आणि माझ्याकडे बघितलं. मीही हसले.
निकाल उद्या सकाळी. आत्ता तो ओट्याशी चहा टाकतोय, दोन कप. गुणगुणतोय. म्हणाला, निवडून आलो तर पहिलं पत्र नर्सचं, तू लिही, मी सही करतो.
जिंकला तर परत माझं अक्षर आणि त्याचं नाव. हरला तर हरू दे, मला चालेल. फक्त एका मताने नको.