उदगीरचे भीमण्णा आणि माझे एपीआय

गुलबर्गा
बुधवार, १२ नोव्हेंबर २००३

तीर्थस्वरूप जगदेवी अक्काच्या पायांवर धाकट्या रविकुमारचं डोकं.

तुझी कंबर आता कशी हाय? दाजींचा खोकला, म्हशीचं दूध, तुमच्या निर्ण्याची लाईट, सगळं ठीक असंल असं धरून चालतो, कारण इथं माझं कायबी ठीक न्हाई, अन् दोन्हीकडची काळजी करायला अंगात दम उरला न्हाई.

अक्का, दिवाळीच्या पत्रात मी जरा फुगवून एकच ओळ लिहिली होती की आता माझं सगळं काम एपीआयमार्फत चालतं. दाजींनी ती उदगीरला जाऊन रेणूच्या वडलांना, भीमण्णांना, वाचून दाखवली. (कामून दाखवली, ते त्यांनाच ठाऊक.) आपल्या कर्नाटकात एपीआय म्हटलं तर कुणी मान वर करत न्हाई. पण उदगीर पडलं महाराष्ट्रात. तिथं एपीआय म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक, कमरेला पिस्तूल. त्यात भीमण्णा रिटायर हवालदार. चार महिने "कॉलेज सोडलेल्या पोराला पोरगी देत न्हाई" म्हणणारा माणूस दुसऱ्याच दिवशी "येत्या रविवारी सुपारी फोडू" म्हणाला, अन् मला येड्याला वाटलं, माझ्या गुणांची पारख झाली.

खरं काय ते तुला सांगतो. (दाजींना सांगू नको, ते अर्धंच ऐकतात.) आमच्या हापिसात फ्रिजाएवढा काळा कॉम्प्युटर हाय, त्याला चाळीस स्क्रीन जोडलेत. सिमेंटच्या गोदामात काय आलं, काय गेलं, सगळं त्यावर. आमच्या भागम्मा एखाद्या मालाची नोंद उघडून तशीच ठेवून चहाला गेल्या की बाकीचे एकोणचाळीस जण अडकून बसतात. कुणी अडवलं ते शोधायचं काम माझं. आधी मी लांबलचक यादी कागदावर छापून बोटानं शोधायचो. आमचे साहेब विजयेंद्र सर (आवाज कधी चढवत न्हाईत, म्हणून जास्त राग येतो) म्हणाले, असं करू नको. यंत्राच्या पोटात बनवणाऱ्यानंच लहान लहान प्रोग्राम लिहून ठेवलेत, त्यांना एपीआय म्हणतात, आपल्या प्रोग्राममधून त्यांना हाक मारायची, ते यादी आणून देतात. ऐकायला सोपं. पण यादी ठेवायला आधी एक जागा करावी लागते, तिला नाव द्यावं लागतं. मी नाव दिलं रेणू. ती ज्या कप्प्यात राहणार त्याचं नाव रवी. (हसू नको.) दोन्ही नावं एकापुढं एक द्यायची, पण प्रत्येकाला मोजून दहा घरं, इंग्रजीत चारच अक्षरं भरली तर पुढची सहा मोकळी सोडायची. मी आपलं चिकटवून लिहिलं. तीन दिवस यंत्र एकच सांगायलं, रेणूरवी नावाचं कायबी सापडत न्हाई. तिसऱ्या दिवशी मी कीबोर्ड आपटला. दोन बटणं निखळली. (याच रागापायी कॉलेज सुटलं, तुला नव्यानं काय सांगू.)

नेमके त्याच वेळी दारात भीमण्णा. इस्त्रीचं धोतर, पिळलेल्या मिशा. सरांना विचारतात, "इथले एपीआय कुठं बसतात?"

सर भोळा माणूस. म्हणाले, "एक नाही हो, पुष्कळ आहेत. आमचा रवी हाक मारतो, ते येतात."

"रविवारी बी?"

"रविवारीसुद्धा. कुरकुर नाही."

"काम काय असतंय?"

"गोदामातला माल कुणी अडवला, ते शोधून काढतात."

भीमण्णांनी माझ्याकडं बघितलं, जमिनीवरच्या बटणांकडं बघितलं, अन् टाचा जुळवून खाडकन सॅलूट ठोकला. देवाशपथ अक्का, मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण होणाऱ्या सासऱ्यानं सॅलूट ठोकल्यावर माणसानं बोलावं काय? मी "बसा" म्हणालो. जाताना म्हणतात, "रविवारी वर्दीत या जावईबापू, माझ्या जुन्या ठाण्यातली माणसं येणार हायत."

मी थकलो. दिवसभर यंत्राला समजावायचं, संध्याकाळी स्वतःला. तुझ्या नणंदेच्या लग्नात रेणूनं माझ्या पानात न विचारता दुसरी पुरणपोळी टाकली, तवापासून मला दुसरं कायबी सुचत न्हाई. पण खोट्यावर संसार मांडायचा न्हाई. रविवारी चार माणसांत उभा राहून सांगणार हाय, मी फौजदार न्हाई, साधा प्रोग्रामवाला हाय. द्यायची तर पोरगी द्या, न्हाई तर राहू द्या. गावी मुडबीला अप्पांनाबी तसं कळव. पोरगा बापाला शोभंल असाच वागणार हाय.

तुझा, सरळ मनाचा,
रवी

ता. क. चार माणसांत सांगायचं माझ्यानं व्हणार न्हाई. पत्र निर्ण्याच्या बसच्या कंडक्टरकडं देतोय, मिळाल्याबरोबर तूच उदगीर गाठ. भीमण्णांना न्हाई, रेणूला एकटीला गाठून विचार, बिनवर्दीचा चालंल का? ती व्हय म्हणाली तर बापाला तीच सांगंल, तिच्यापुढं हवालदाराचं कायबी चालत न्हाई.

ता. क. दुसरा. ती जराबी घुटमळली तर विषय सोडून दे. मापाचा कागद सोबत जोडलाय, कंबर अठ्ठावीस, तो तिथल्याच शिंप्याकडं टाकून ये. खाकी पँट, शनिवारी संध्याकाळपर्यंत. नुसती पँट घालणं गुन्हा न्हाई. आमच्या वॉचमनला विचारलंय, तो वीस वर्षं घालायलाय.