कोनफ्लॉवरची पट्टी आणि हरणाबाईंची वहिवाट

मी, माया अर्जुना होवाळ, वय बहात्तर, पूर्वीची नोकरी टेलिफोन खात्यात, सध्याचा उद्योग बागकाम, राहणार विश्रामबाग, सांगली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शेजाऱ्यांचा जोडलेला नाही. जी बाई कुंडीत माती कमी आणि विटांचे तुकडे जास्त भरते, तिच्या बुद्धीविषयी त्यांचे मत वेगळे आहे. यंदा गुडघ्याचे ऑपरेशन झाले, आता हृदयाचे सांगितले आहे, म्हणून ही घाई.

१. घर. विश्रामबागेतील बैठे घर माझ्या फंडातून आणि माझे पती कालकथित हवालदार अर्जुना होवाळ यांच्या पेन्शनीतून बांधले आहे, म्हणजे स्वकष्टार्जित आहे. माझ्या पश्चात ते मुलगा धम्मपाल आणि मुलगी क्रांती यांना निम्मे-निम्मे मिळावे. धम्मपाल शिरवळला कारखान्यात आहे. क्रांती साताऱ्यात शिक्षिका आहे, येत्या जूनमध्ये तिची बदली सांगलीला होईल आणि ती या घरात राहील. दोघांत भांडण नाही. घरापुढची फुलझाडे काढून तिथे पेव्हिंग ब्लॉक बसवायचे आणि गाडी लावायची, यावर तर त्यांचे पूर्ण एकमत झालेले मी स्वयंपाकघरातून ऐकले आहे. त्याचा समाचार कलम ५ मध्ये घेतला आहे.

२. बँकेतील ठेवींना वारस लावलेले आहेत. त्याबद्दल इथे लिहून कागद वाया घालवत नाही.

३. जंगम वस्तू. यजमानांची पदके आणि काळी ट्रंक धम्मपालला. फ्रिज क्रांतीला. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ओल्या वाळूची पिशवी आहे, तिच्यात कोनफ्लॉवर या परदेशी फुलझाडाचे बी आहे. थंडी लागल्याशिवाय हे बी नीट उगवत नाही, आणि सांगलीत तशी थंडी फक्त फ्रिजमध्ये पडते. पिशवी घाण म्हणून फेकू नये. मागे एकदा जावयांनी फेकली होती. मी त्यांना माफ केले आहे, असे ते समजतात.

४. हत्यारे. खुरपे, फुले खुडायची कात्री आणि रिकाम्या कुंड्या क्रांतीला. झारी मात्र भंगारात द्यावी, धम्मपालच्या हाती लागू देऊ नये. कारण त्याने वाईट वाटून न घेता वाचावे. या पावसाळ्यात गुडघ्यासाठी मी दोन महिने क्रांतीकडे साताऱ्याला होते. धम्मपाल दर रविवारी शिरवळहून गाडी काढून सांगलीला यायचा आणि मला फोन करायचा, “आई, भरभरून पाणी घातलं बघ. खाली ताटल्यापण ठेवल्यात, वाया जाऊ नये म्हणून.” मी म्हणायचे, अरे, बाहेर पाऊस पडतोय. “अगं, पण पत्र्याखालच्या कुंड्यांना कुठं लागतोय पाऊस?” कोनफ्लॉवरला ऊन लागते. मुळाशी पाणी तुंबले की ते कुजते. कुंडीला खाली भोक हवे, ताटली नको, आणि वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी नको, हे मी त्याला प्रत्येक रविवारी सांगितले. तो “हो” म्हणायचा आणि पुन्हा झारी भरायचा. मी परत आले तेव्हा एकही कुंडी जिवंत नव्हती. लेकरू चांगले आहे, आईवर त्याचा जीव आहे, फक्त तो त्याने झाडांना लावू नये.

५. पट्टी. घराच्या पुढे कंपाउंडला लागून फुलझाडांची जी पट्टी आहे, तिची चतुःसीमा अशी: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस ओटा, दक्षिणेस फाटक, उत्तरेस हरणाबाईंची भिंत आणि हरणाबाई.

हरणाबाई म्हणजे माझ्या शेजारीण. मुलगे फौजेत, गावाकडे ऊस, पहाटे आंघोळ आणि मग हातात पिशवी. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मी जास्वंद आणि मोगरा लावला होता. कळी संध्याकाळी मी बघायचे आणि फूल सकाळी त्यांच्या देव्हाऱ्यात असायचे. भिंतीवरून हात घालून नेत. इथवर मी कोणाला काही बोलले नसते. पण त्याच हरणाबाई काही कामाने माझ्या दारात आल्या आणि मी चहा विचारला, की म्हणायच्या, “आत्ताच घेतला बगा.” सकाळी आत्ताच, दुपारी आत्ताच, संक्रांतीला आत्ताच. कोपऱ्यावरच्या बंगल्यात त्या एका दिवसात दोनदा चहा घेत. होवाळांच्या घरी का घेत नाहीत, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माहेरी म्हसवडला लहानपणीच मी ते शिकून आले होते. राग याचा होता, की माझ्या नळाचे पाणी पिऊन वाढलेले फूल त्यांच्या देवाला चालत होते.

म्हणून मी जास्वंद उपटली आणि कोनफ्लॉवर लावले. बुटक्या जातीचे, गुडघ्याच्या वर न जाणारे, वाऱ्याने न लोळणारे. इथली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यात वाळू आणि विटांचा चुरा घालून पट्टी वीतभर उंच केली. फूल असे, की मधला गोंडा काटेरी, वास नाही, सुईत ओवता येत नाही आणि कुठल्या पोथीत नाव नाही. आता देवच नको म्हणेल, अशा समजुतीत मी पहिल्या बहरापर्यंत निवांत होते. मग एका सकाळी भिंतीवरून ओळखीचा हात आला. मी विचारले, “हरणाबाई, ही परदेशी फुलं देवाला चालतात?”

“आवं, देव काय फुलाचं गाव इचारतोय व्हय?”

देवाविषयीचे हे मत मला पटले. मी इतकेच म्हटले, “मग चहा टाकू?”

“आत्ताच घेतला बगा.”

साताऱ्याहून परत आले तेव्हा कुंड्यांत चिखल होता आणि पट्टी मात्र फुलांनी भरलेली. कोनफ्लॉवरचे फूल वेळेवर खुडले की खालच्या पेरातून नवी काडी फुटते. नाही खुडले तर झाड बी धरून बसते आणि बहर आटोपतो. दोन महिने हरणाबाईंनी रोज फुले नेली होती, आणि काडी ओरबाडून नव्हे, पेरावरून नीट. जिला मी चोर म्हणत होते तिने माझी बाग राखली होती. मला आनंद झाला आणि संतापही आला. दोन्ही अजून उतरलेले नाहीत.

सबब ठरवते की, या पट्टीवर फरशी, ब्लॉक किंवा गाडी येऊ नये. गाडी फाटकाबाहेर लावावी, तिला मुळे नाहीत. फुले खुडण्याची हरणाबाईंची वहिवाट त्यांच्या हयातीपर्यंत कायम करते. दिवाळीनंतर सुकलेले गोंडे तेवढे त्यांनी सोडावेत, ते बी टिपणाऱ्या मुनिया पाखरांचे आहेत. अट एकच. हरणाबाईंनी भिंतीवरून हात न घालता फाटकातून यावे, आणि आठवड्यातून एकदा तरी आत बसून या घरचा चहा प्यावा. न प्यायल्यास वहिवाट संपली असे समजावे आणि धम्मपालने खुशाल ब्लॉक बसवावेत. माझा जीव त्या पट्टीत आहे. ती गेली तर मला फार वाईट वाटेल, मेल्यावरसुद्धा. तरीही ही अट मी काढणार नाही.

६. क्रांतीने या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

७. सहीपूर्वीची दुरुस्ती. ज्याच्यावर अट घातली त्याला ती कळवलेली बरी, असे वकील म्हणाले. म्हणून आज सकाळी, पिशवी अर्धी भरलेली असताना, कलम ५ मी हरणाबाईंना भिंतीपाशी वाचून दाखवले. शेवटची ओळ झाली. त्यांनी पिशवी भिंतीवर ठेवली, पदराने हात पुसले. पट्टी गेली असेच मी धरून चालले. मग त्या म्हणाल्या, “मायाबाई, तुमी मरायची वाट कशापायी बगायची? उगडा फाटक. पर साखर घालू नगा, मला शुगर हाय.”

तरी कलम ५ मधील अटीत ‘चहा’ या शब्दाआधी ‘बिनसाखरेचा’ हा शब्द हाताने वाढवला आहे, त्यावर माझी सही आहे.

लिहून ठेवणार: माया अर्जुना होवाळ

साक्षीदार: १. बिरदेव मासाळ, निवृत्त पोस्टमन, विश्रामबाग. २. उदयसिंह घोरपडे, औषध दुकानदार, विश्रामबाग.

स्थळ: सांगली. दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५.

टीप: हरणाबाईंचा या मृत्युपत्रात हितसंबंध असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही. सह्या होताना त्या माझ्या पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून होत्या आणि दुसरा कप घेत होत्या.