मल्हारमामांच्या फेट्याची चार मिनिटे

बारामती, शुक्रवार, ता. १९ नोव्हेंबर १९९९, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. (रतनच्या व्हिडिओच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून वीज येण्याची वाट पाहत आहे.)

ती. मल्हारमामांच्या चरणी पिंपळीच्या भाच्याचा, नागेशचा, नमस्कार. इकडे सर्व ठीक. आपला गुडघा इंदापूरच्या थंडीत कुरकुरत नसेल असे धरून चालतो. (कुरकुरत असल्यास पत्र उद्या वाचा म्हणालो असतो, पण तेवढा वेळ नाही.)

सुकन्याआक्काच्या लग्नाच्या कॅसेटला बुरशी आली, म्हणून तिची सीडी करायचे ठरले. मला वाटले, अर्ध्या तासाचे काम. रतन म्हणाला, तीन तासांची कॅसेट संगणकात जायला तीनच तास घेते, कितीही घाई केली तरी लग्न लवकर लागत नाही. बुरशी पुसून त्याने ती एकदा चालवली आणि शेवटाला फीत तुटली. आता सगळे लग्न फक्त त्याच्या संगणकात आहे. आज संध्याकाळी सहाला तो तेही पुसणार, कारण उद्या दुसऱ्यांचे लग्न भरायचे आहे. आम्हाला सीडी एकच परवडते आणि तिच्यात सत्तर मिनिटे मावतात. म्हणजे एकशे दहा मिनिटे टाकणे आले.

मी वहीत मिनिटामिनिटाची नोंद केली (नावे दोनदा तपासली), तेव्हा कळले की आपल्याकडच्या लग्नात लग्न थोडे आणि सत्कार फार. म्हणून सत्कारच कमी करणार होतो. ही बातमी कोणीतरी पणदऱ्यात पोचवली आणि कुशाआत्या पहिल्या गाडीने येऊन याच स्टुलावर बसल्या. त्यांचे म्हणणे एवढेच, की त्यांच्या मालकांना टोपी-नारळ साऱ्या मांडवासमोर दिला होता, परत घ्यायचा तर मांडव घालूनच घ्यावा. मागोमाग सोमेश्वरनगरचे पाहुणे आले. एकाला ठेवले की त्याच्या शेजारी बसलेल्यालाही ठेवावे लागे. मी कोणालाही दुखावले नाही. वरात गेली, पंगत गेली, सप्तपदी गेली, मंगलाष्टके गेली. सत्तर मिनिटे काटेकोर भरली.

काल आक्काला दाखवले. तिने शेवटपर्यंत पाहिले. मग म्हणाली, "नाग्या, समद्यांचं सत्कार झालं. माझं लगीन तेवढं ऱ्हायलं म्हण की."

तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

आपला,
नागेश

ता. क. खरे काम असे. आपल्या फेट्याला चार मिनिटे गेली आहेत. (पहिला सुटला म्हणून दुसऱ्यांदा बांधला, चित्रण दोन्ही वेळचे आहे.) शेवटचे मंगलाष्टक, अंतरपाट आणि हार मिळूनही चारच मिनिटे होतात. आपली काढू का? इतर कोणाला विचारायची छाती नाही, आपण सख्खे मामा. पत्र अकराच्या इंदापूर गाडीच्या कंडक्टरकडे देत आहे. परतीच्या गाडीने होकार धाडावा.

ता. क. दुसरा, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे. पत्रात एक शब्द खोडलेला दिसला, म्हणून नवी प्रत लिहीत बसलो आणि गाडी गेली. (ही प्रत स्वच्छ आहे.) चार वाजता रतनने काय ठरले ते विचारले आणि मी आपला सत्कार काढून तिथे अंतरपाट घातला. सीडी झाली, संगणक पुसला, आता नकाराचा उपयोग नाही. राग धरण्यापूर्वी एवढेच पाहावे, की सत्काराच्या चार मिनिटांत फेटा बांधणाऱ्याची पाठच दिसत होती, आपला चेहरा जेमतेम पाऊण मिनिट. अंतरपाट धरला तेव्हा आक्काच्या मागे मामा म्हणून आपणच उभे आहात आणि फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसत चारही मिनिटे पुरते दिसता. आक्काने दुकानात येऊन तेवढे तीनदा लावायला सांगितले. म्हणजे आपण सव्वातीन मिनिटे फायद्यातच आहात.