उंबऱ्याबाहेर थांबलेल्या महालक्ष्म्या

आई,

तुला पत्र लिहिण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. तू होतीस तेव्हा आपला सारा व्यवहार फोनवर चालत असे, आणि त्यातही वक्तृत्व तुझे, हुंकार माझे, अशी कामाची रीतसर वाटणी होती. तुला जाऊन आता दीड तप लोटले. या अवधीत अस्मादिकांकडे बोलण्यासारखे बरेच काही साचले. श्रोता मात्र उरला नाही. तुझी थोरली सून आहे, पण इतक्या वर्षांच्या सहवासानंतर तिला माझ्या वाक्याचा उत्तरार्ध पूर्वार्धातच कळतो आणि तो ऐकायला ती थांबत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच. मी आपल्या सिडकोतल्या घरी, वरच्या खोलीत बसलो आहे. खाली महालक्ष्म्यांचे विसर्जन आत्ताच आटोपले. मुखवटे पुसून पेटीत ठेवले जात आहेत, आणि त्या कामात माझी कोणालाही गरज नाही.

आधी वर्तमान निवेदन करतो. तुझे औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. रिक्षावाले दोन्ही नावांनी सारख्याच तत्परतेने लांबच्या रस्त्याने नेतात. जर्मनीतल्या ज्या कारखान्यात मी साचे बनवतो, त्याने माझ्यासारख्या पलितकेश मंडळींना विचारले आहे की वेळेआधी निवृत्त व्हायचे आहे काय. उत्तर दिवाळीपर्यंत द्यायचे आहे. 'परत जावे की न जावे' हा जो प्रश्न मी आजवर चहाच्या कपात साखरेसारखा ढवळत आलो, तो असा एके दिवशी समोर खुर्ची ओढून बसला. तुझी थोरली सून म्हणाली, "तुम्ही महिनाभर तिथं राहून या. पाहुण्यासारखं नाही, राहणाऱ्यासारखं. मग बोला." मी दारात जोडे घालत होतो तेव्हा तिने पुरवणी जोडली, "आणि एक लक्षात ठेवा. परत गेलो तर महालक्ष्म्या आपल्याकडं येणार. वाद तुम्ही घालाल, उभ्या मला कराव्या लागतील."

ही रीत मला तूच पढवलीस. आपल्या घरात महालक्ष्म्या थोरल्याच्या. धाकट्याने त्या उभ्या करायच्या तर थोरल्याच्या नावाने, आणि तेही थोरल्याने तोंडाने तसे म्हटल्यावर. बाबा गेले त्या वर्षी हे ज्येष्ठपद माझ्याकडे आले. मी तेव्हा बर्फावर न घसरता चालायला शिकत होतो. भाद्रपदात तुझा फोन आला. "मुखवटे दारात आणलेत. धाकटीच्या हातात हायेत. उभ्या करा म्हण." मी परम गांभीर्याने उत्तरलो, "तथास्तु. अस्मत्कुलदेवतांचे यथासांग आवाहन व्हावे." मग तू म्हणालीस, "चेष्टा नाय करायची. दारात देव हाय. नीट म्हण." मी नीट म्हणालो. तुझ्या आवाजात राग असता तर मी प्रत्युत्तर योजले असते; त्यात नुसती घाई होती, दूध उतू जाताना असते तशी. तेव्हापासून दर भाद्रपदात मी जेथे असेन तेथून, कधी कारखान्याच्या जिन्यातून तर कधी दातांच्या दवाखान्यातून, 'उभ्या करा' एवढे म्हणत आलो. एकदा दंतवैद्याने विचारले की आपण काय म्हणालात. मी सांगितले, घरी पाहुण्या आल्या आहेत, त्यांना आत घेण्याची अनुज्ञा देत होतो. त्याला ते अत्यंत उचित वाटले. जर्मन मनुष्याला परवानगीचे माहात्म्य समजावून सांगावे लागत नाही.

आता या महिन्याच्या तुलनेकडे येतो. पूर्वपक्ष असा. तेथे नळाला अहोरात्र पाणी असते. येथे पाणी हा सण आहे. तो कोणत्या दिवशी पडतो हे तुझ्या धाकट्याला पंचांगाहून अचूक ठाऊक असते, आणि त्या दिवशी लग्नाचे आमंत्रणसुद्धा "आज पाणी हाय" म्हणून नाकारता येते, कोणी राग मानत नाही. तेथे रस्ता ओलांडण्यापूर्वी इष्टदेवतेचे स्मरण करावे लागत नाही. उत्तरपक्ष असा. तेथे आमच्या खालच्या मजल्यावरील वृद्ध गृहस्थांनी एकदा अदबीने पृच्छा केली होती, की आपल्या घरात रोज सकाळी धोक्याची सूचना वाजते, सर्व कुशल आहे ना. तो वरणाचा कुकर होता. त्या दिवसापासून तुझी थोरली सून वरण उघड्या पातेल्यात शिजवते. सज्जन मनुष्य. त्यांच्या दारातला बर्फ मी काढतो, आम्ही गावाला गेलो की आमच्या कुंड्यांना ते पाणी घालतात, आणि इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलेले नाही. येथे मी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू थेट ओट्यापर्यंत आल्या आणि माझ्या उदराचे निरीक्षण करून म्हणाल्या, "तिकडं भाकर मिळत नाय म्हणत होता ना, मंग हे कशाचं हाय?" मला भरून आले. दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा मी वरच्या खोलीचे दार आतून लावून घेतले. हे दोन्ही खरे आहे. तराजूच्या दोन्ही पारड्यांत मीच बसलेलो असल्यामुळे काटा काही केल्या स्थिर होत नाही.

तरी येण्याकडे माझा कल झुकत चालला होता. सण जवळ आला तसा तर विशेषच. तुझ्या धाकट्या सुनेने मला शहागंजात पाठवले, देवीच्या माळा आणि पदराची किनार आणायला. तू ज्या दुकानात जायचीस, तेच दुकान. चाचा आता नाहीत, त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसतो. त्याने मला ओळखले. "आपा के बड़े बेटे ना? आओ साब, बैठो." तू आपा आणि तुझा मुलगा साब, नात्याचा हा प्रवास मी मुकाट्याने गिळला. त्याने विचारले, "पिछले साल की माला लाल थी कि हरी? भाभी दो साल एक रंग नहीं लेते." मला ठाऊक नव्हते. "भाभी कू फोन लगाओ," तो म्हणाला, "आप चाय पियो." मी चहा प्यालो. माझ्याच फोनवर तो आणि तुझी धाकटी सून पुष्कळ वेळ बोलले, मण्यांविषयी, किनारीविषयी, त्याच्या बायकोच्या गुडघ्यांविषयी. माझ्या नावाने उभ्या राहणाऱ्या देवींच्या शृंगारात माझे योगदान पिशवी धरण्याचे होते.

त्यातूनही मी काही शिकलो नाही. महालक्ष्म्या यायच्या आदल्या दुपारी मी स्वयंपाकघरात पाटावर बसून गहू निवडत होतो, देवी ज्यांवर उभ्या राहतात त्या कोठ्यांत भरायला. तुझी धाकटी सून देवींवर टांगायच्या फुलोऱ्याच्या करंज्या तळत होती. तुझा धाकटा दारात उभा राहून नारळ सोलत होता. मला वाटले, उदार होण्यास हा मुहूर्त उत्तम आहे. मी घसा खाकरून म्हणालो, "मी परत येण्याच्या विचारात आहे. आजवर तू हा भार निष्ठेने वाहिलास. पुढच्या वर्षापासून तो तुझ्या शिरावर नको."

तिने झारा कढईच्या काठावर टेकवला. "भार कोण म्हणलं, दादा?"

"अगं, तसं नव्हे..."

"नाय, तुम्ही बोललात ते बरं झालं. मी पण एक बोलू का?"

तुझा धाकटा दारातून म्हणाला, "ए, राहू दे. ते सांगायचं नाय ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं, माझं नाय," ती म्हणाली आणि गॅस बारीक करून माझ्याकडे वळली. तुला ती अजून आत्याबाईच म्हणते. "आत्याबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तुमचा फोनच लागंना. मी दारात उभी, हातात ज्येष्ठा. पायावर पाणी घालून झालं, कुंकू लावून झालं. हे सारखे फोन लावतेत. बाया म्हणल्या, घे आत, कोण बघतंय. मी म्हणलं, बघायचा प्रश्नच नाय, आत्याबाईंनी सांगितलंय, दादाच्या शब्दाबिगर नाय. मुखवटा लई जड नसतो, दादा. पर उभं राहिलं की जड होतो. दिवेलागणीला फोन लागला. तुम्ही म्हणलात, उभ्या करा, आन् माझ्या वाट्याचं पुरण राखून ठेवा. मी हसले पण. आत गेले, मुखवटा ठेवला, तर बोटं उघडंनात. ह्यांनी एकेक करून सोडवली."

त्या दिवशी मी कारखान्याच्या तळघरात होतो. तेथे फोन लागत नाही. हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "व्हय, ते कळलं नंतर. तुमचा काय दोष. पर दादा, तुम्ही येणार असाल तर या. घर तुमचं हाय, देवी तुमच्या हायेत, वहिनींच्या हातात देते. रडंन थोडी, पर देईन. येणार नसाल, तर मला दारात उभं करू नका."

"अगं, दादाला आत्ताच कशाला..." धाकटा म्हणाला.

"मंग कधी? पुढच्या भाद्रपदात?"

तिने पुन्हा झारा उचलला. मी गहू निवडत राहिलो. त्या गव्हात निवडण्यासारखे काही नव्हते, तिने ते आधीच निवडलेले असावेत.

आई, त्या दुपारनंतर मी पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची सारी मांडणी गुंडाळून ठेवली. आपण परत येऊ, असे मी इतकी वर्षे जे म्हणत आलो, त्याचा व्याप कोणाच्या हातांवर उभा होता हे मला कळले नव्हते. परदेशात राहणाऱ्या मनुष्याला परत येण्याची शक्यता फार प्रिय असते. तिला ऊन लागत नाही, पाणी लागत नाही, ती सुकत नाही. मात्र ती कोणाच्या तरी घरात जागा अडवून बसते. वरची ही खोली माझ्या नावाने रिकामी आहे. खाली तुझ्या नातवंडांचे अंथरूण अजून दिवाणखान्यात पडते. मी येईन, या एका क्रियापदावर या घराचे पुष्कळ काही थांबलेले आहे, आणि ते क्रियापद मी तुझ्या हयातीपासून भविष्यकाळातच चालवत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी आवाहन. अंगणातून दारापर्यंत रांगोळीची पावले. बायका आत उभ्या, मी उंबऱ्याच्या आत एका बाजूला, जेथे थोरल्याने उभे राहायचे असते. तुझी धाकटी सून ज्येष्ठेचा मुखवटा घेऊन दारात येते. मागे समोरच्या काकू, कनिष्ठा घेऊन. आतून आवाज येतो, "कोण आलं?" "महालक्ष्मी आली." "कशाच्या पावलानं आली?" "सोन्याच्या पावलानं आली." आणि ती थांबते. सवयीने तुझ्या धाकट्याने खिशातून फोन काढला, माझ्याकडे पाहिले आणि ओशाळून परत ठेवला. मी आदल्या रात्री एक वाक्य रचले होते. त्यात 'हस्तांतरण' होते, 'अक्षय' होते, शेवटी एक समास होता. त्यातले काहीही मला आठवले नाही.

मी म्हणालो, "या तुझ्या आहेत. यापुढं मला विचारायचं नाही."

तिने मुखवट्यावरून माझ्याकडे पाहिले. "म्हंजे येणार नाय?"

"नाही."

"वहिनींना विचारलं?"

"तिला आनंदच होईल."

समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, घे आता आत, माझे हात दुखायले." तुझी धाकटी सून आत आली. तिच्या चेहऱ्यावर आनंद असेल असे मला वाटले होते. तो नव्हता. कोणी गावाला निघाले की दारात उभे राहून आपण जसे पाहतो, तसे ती माझ्याकडे पाहून पुढे गेली.

काल जेवण झाले. आपल्याकडे त्या दिवशी आधी सवाष्णी आणि पाहुणे जेवतात, घरची माणसे सर्वांत शेवटी. या सणाला मी जेव्हा जेव्हा येथे होतो तेव्हा शेवटच्या पंगतीत होतो, तू आणि मी स्वयंपाकघरात, तुटक्या पोळ्या, तळाची कढी, आणि तू म्हणायचीस, "खा, आता कुणी यायचं नाय." काल पहिल्या पंगतीचे पाट मांडले जात होते. मी वाढायला म्हणून भाताचे भांडे उचलले. तुझ्या धाकट्याने ते माझ्या हातातून हळूच घेतले आणि म्हणाला, "दादा, बस तू. परवा निघायचंय तुला." त्याच्या मनात काही नव्हते, असे मी शपथेवर सांगतो. मी बसलो. पोळी तव्यावरून थेट आलेली होती, अखंड होती, तूप भरपूर होते. इतके उत्तम भोजन मी या घरात कधी केले नव्हते आणि ते मला गिळवत नव्हते. तुझी धाकटी सून वाढायला आली. "संकोच करू नका," ती म्हणाली. हे वाक्य या घरात मला उद्देशून प्रथमच उच्चारले गेले.

दुपारी मी जर्मनीला फोन केला. तुझ्या थोरल्या सुनेने सगळे ऐकून घेतले, उत्तरार्धासकट. मग म्हणाली, "वाईट वाटलं का फार?" मी म्हणालो, "अतीव." ती म्हणाली, "मला पण वाटतंय. कशाला ते कळत नाही." आणि मग येताना येसर आणायला सांगितले, आमटीला घालायचे, धाकटीच्या हातचे.

हे पत्र खाली कोणाच्या हाती लागले तर तुझी धाकटी सून मुखवट्यांची पेटी उचलून वर घेऊन येईल, मला परत द्यायला. तिचा स्वभाव तू जाणतेस. म्हणून ते माझ्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी जाईल. हा निर्णय मी दुःखाने घेतला असे मी सर्वांना सांगितले आहे, आणि ते असत्य नाही. पण दुःख पंगतीत बसल्यावर आले. दारात, ती पाऊल आत टाकत होती तेव्हा, मला आधी हायसे वाटले होते.