काकांनीही आमीन म्हटलं

इझमीर, ४ मार्च

ती. मुझय्यनताईस, नेविनचा सलाम वि. वि.

फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून कागद घेतला. पेपरात तुझ्या सरकारी कुराणवर्गाचा फोटो पाहिला. चार-पाच वर्षांची पोरं, हातात सत्ताधारी पक्षाचे झेंडे! काय गं, दुधाचे दात पडायच्या आत मतदार करताय? आमच्या गल्लीतली साधी बालवाडी बंद, आणि तुमच्याकडे नवी घसरगुंडी! आपले बाबा जन्मभर इमाम होते, पण त्यांनी मशिदीत कधी कुणासाठी मत मागितलं का?

राग धर, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी तोंडाळ नेविन


कायसेरी, १२ मार्च

चि. नेविनला अ. उ. आ.

समुद्रकाठी बसून शहाणपणा शिकवू नकोस. इथल्या आया कारखान्यात जातात, पोरं कुणाकडे ठेवतील? मी त्यांना अल्लाचं नाव शिकवते, बुटाची नाडी बांधायला शिकवते. झेंडे मी नाही वाटले.

पण फोटो पाहून मलाही लाज वाटली, हे खरं. आता गुरुवारी त्याच पक्षाचे निवडणुकीचे उमेदवार वर्गात येणार. पोरांकडून त्यांच्या विजयाची दुआ पाठ करून घ्या, असा आमच्या वरच्या धर्माधिकाऱ्यांच्या, मुफ्तींच्या कार्यालयातून हुकूम आलाय. माझी नेमणूक जूनमध्ये परत व्हायची आहे, याचीही आठवण करून दिली. मेल्यांना अल्लासुद्धा प्रचाराला हवा! मी नाही पाठ करून घेणार.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी ताई


कायसेरी, २० मार्च

चि. नेविनला अ. उ. आ.

आमच्याकडे खाऊआधी रोज एक मूल मनातली दुआ मागतं, बाकीचे आमीन म्हणतात. गुरुवारी पाळी एल्वानची. तिचा बाप शाळामास्तर, सरकारी हुकमाने घरी बसवलेला. उमेदवार कॅमेऱ्यापुढे हात पसरून बसले आणि तिला म्हणाले की बाळ, आमच्यासाठी माग. पोरीने मागितलं की अल्ला, या काकांना चांगलं कर, म्हणजे ते माझ्या बाबांना शाळेत परत पाठवतील.

पोरांनी छत हलेल असं आमीन म्हटलं. सवयीने उमेदवारही म्हणाले! मग चेहरा पाहण्यासारखा झाला.

मी पढवलं म्हणे! पोरीला काढा, असं मुफ्ती म्हणाले. मी म्हटलं की दुआ मागणाऱ्या लेकराला हाकलायचं असेल तर आधी मला हाकला. त्यांनी ते लगेच ऐकलं. जूनपर्यंतही थांबले नाहीत.

निघताना एल्वान दारात आली. काकांनीसुद्धा आमीन म्हटलं होतं ना, मग बाबांना कधी बोलावणार, असं विचारत होती. नेविन, तू एवढी तोंडाळ, तूच सांग, तिला काय सांगू?

ताई